शांतता मागणाऱ्यांचीही बातमी द्या

महोदय,

इस्रायल आणि पॅलेस्टाइनविषयी आपल्या दैनिकात येणारा मजकूर मी नेमाने वाचते. हल्ले, युद्धविराम, ओलिसांची सुटका, पुढाऱ्यांची विधाने हे सारे त्यात असते. मात्र त्यावर येणारी वाचकांची पत्रे पाहिली की भारत-पाकिस्तान सामना चालू असल्याचा भास होतो. मी ठाण्यात राहणारी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू आहे. घरात मराठी बोलते, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावते आणि त्यामुळे मी कोणाच्या बाजूची हे लोक मला न विचारताच ठरवून टाकतात.

माझे शालेय शिक्षण माझगावच्या सर एली कदूरी शाळेत झाले. 1875 साली बेने इस्रायल मुलांसाठी सुरू झालेल्या या शाळेत आमच्या वेळी वर्गातली बहुतेक मुले मुसलमान होती. आमच्या वाडवडिलांनी मुंबईत 1796 साली बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, लोक 'जुनी मशीद' म्हणत आणि मस्जिद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडले, असे आजी सांगत असे. ज्यू आणि अरब यांचे वैर जन्मजात आहे असे कोणी म्हटले की म्हणूनच मला ते पटत नाही, जरी मुंबई म्हणजे जेरुसलेम नव्हे हेही मला कळते.

मार्च 2023 मध्ये मी प्रथमच इस्रायलला गेले. मुक्काम लोद शहरात, मावशीकडे होता. लोदमध्ये ज्यू आणि अरब शेजारी शेजारी राहतात आणि मे 2021 मध्ये तेथे दंगल उसळली होती. तेव्हा एका अरब तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाला, त्यानंतर दगडफेकीत जखमी झालेले एक ज्यू गृहस्थ दगावले आणि त्यांची किडनी जेरुसलेममधील एका अरब ख्रिस्ती बाईंना बसवण्यात आली. मावशीला हे तपशीलवार ठाऊक होते, तरीही ती मला म्हणाली, "तुम्ही चार दिवस फिरायला येता, तुम्हाला सगळे गोड दिसते." तिचे म्हणणे मी अजून विसरलेले नाही.

नाझरेथमध्ये मी ज्या अतिथिगृहात उतरले ते एका अरब कुटुंबाचा जुना, कमानींचा वाडा आहे. पडून असलेला हा वाडा माओझ इनोन या ज्यू तरुणाने त्या कुटुंबाशी बोलून, त्यांच्याच आजोबांचे 'फौझी अझार' हे नाव कायम ठेवून 2005 मध्ये प्रवाशांसाठी खुला केला. तिथल्या रंगवलेल्या छताखाली बसून मी सेजची पाने घातलेला चहा प्याले. (आमच्या गवती चहाची सर त्याला नाही.)

तेथून पुढे इस्रायलच्या ताब्यातील वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन या पॅलेस्टिनी शहराची सहल केली. तिची पद्धत अशी की सकाळी पॅलेस्टिनी मार्गदर्शक शहर दाखवतो आणि दुपारी तेच शहर ज्यू मार्गदर्शक दाखवतो. सकाळी आम्ही शुहदा रस्त्यावर इस्रायली लष्कराने वेल्डिंग करून बंद केलेली अरबांच्या दुकानांची दारे पाहिली आणि 1994 मध्ये एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या 29 जणांना कसे मारले ते ऐकले. दुपारी 1929 मध्ये मारल्या गेलेल्या 67 ज्यूंची हकीकत ऐकली आणि त्याच दिवशी अनेक ज्यूंना अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरात लपवून वाचवले होते, हेही समजले. अब्राहामची, म्हणजेच इब्राहीमची, समाधी ज्या इमारतीत आहे तिचे दोन भाग केलेले आहेत. पहाऱ्यावरच्या सैनिकाने धर्म विचारला, मी खरे ते सांगितले आणि मशिदीच्या भागात मला प्रवेश मिळाला नाही. समाधी मात्र दोन्ही बाजूंच्या जाळीतून दिसते.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे 1200 माणसे मारली गेली आणि त्यांत माओझ इनोन यांचे आईवडीलही होते. त्यानंतर गाझात, तेथील आरोग्य खात्याच्या हिशेबाने, 60 हजारांहून अधिक माणसे मेली. इनोन यांनी मात्र पहिल्या काही दिवसांतच आपल्याला सूड नको असल्याचे जाहीर केले. त्यांचे सांत्वन करणाऱ्यांत जेरुसलेमचे पॅलेस्टिनी अझीझ अबू सारा होते. इस्रायली तुरुंगात झालेल्या मारहाणीमुळे त्यांचा थोरला भाऊ गेला, तेव्हा अझीझ दहा वर्षांचे होते. पुढे हिब्रू शिकायला गेल्यावर त्यांना प्रथमच गणवेशात नसलेले ज्यू भेटले. आज हे दोघे मिळून गावोगाव, देशोदेशी शांततेसाठी बोलतात. मे 2024 मध्ये इटलीतील वेरोना येथे पोप फ्रान्सिस यांनी या दोघांना एकत्र मिठी मारली, ती बातमी मला मराठीत कोठे वाचल्याचे आठवत नाही.

अशी माणसे थोडी आहेत, हे मान्य. इस्रायली आणि पॅलेस्टिनी नेत्यांतल्या ऑस्लो शांतता कराराला दोन वर्षे होतात न होतात तोच तो करणारे इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना एका ज्यू तरुणानेच 1995 मध्ये गोळ्या घातल्या, हेही मला माहीत आहे. दोन मार्गदर्शक नेमल्याने शुहदा रस्त्यावरची दुकाने उघडत नाहीत; त्यासाठी ताबा सोडावा लागेल, हक्क द्यावे लागतील, आणि ते काम सरकारांचे आहे. तरीही ज्यांनी आईवडील आणि भाऊ गमावले ती माणसे जर एकत्र बसून बोलू शकतात, तर अलिबागमध्ये किंवा अकोल्यात बसून आपण "अजून ठेचा" असे लिहावे, याची मला लाज वाटते. माझी विनंती एवढीच की, आकडे छापता तसेच या लोकांचे म्हणणेही अधूनमधून छापावे.

परिस्थिती निवळली की मी पुन्हा हेब्रॉनला जाणार आहे. या वेळी शाळेतली एक मैत्रीण बरोबर येईन म्हणते, तिला इब्राहीमी मशीद पाहायची आहे. तेथे तिला एका दाराने आत जावे लागेल आणि मला दुसऱ्या.

आपली,
एक बेने इस्रायल वाचक, ठाणे