टोनआर्म आणि कार्ट्रिज जोडीनेच निवडावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेकॉर्ड ऐकण्याची हौस पुन्हा वाढत असल्याबद्दलचा आपल्या पुरवणीतील लेख आवडला. घरातले जुने टर्नटेबल टाकून न देता दुरुस्त करून वापरावे, हा त्यातला सल्ला योग्यच आहे. मात्र ‘परवडेल तितके महाग कार्ट्रिज घ्यावे’ या वाक्याने नव्या हौशी मंडळींची दिशाभूल होण्याचा संभव आहे. कार्ट्रिज (सुई बसवलेला, खाचेतील कंपनांचे विद्युत-संकेत बनवणारा छोटा भाग) चांगले की वाईट, हे ते ज्या टोनआर्मवर, म्हणजे त्याला रेकॉर्डवर धरणाऱ्या हातावर, बसणार त्यावरून ठरते.

इंग्लंडमधील स्विंडन येथे १९५४ पासून तयार होऊ लागलेले गॅरार्ड ३०१ हे टर्नटेबल आर्मशिवायच विकले जाई. त्यामुळे आज ते हाती येते तेव्हा त्यावर पूर्वीच्या मालकाच्या पसंतीचा आर्म असतो, किंवा नुसते भोक असते. आर्म व कार्ट्रिज यांचे एकत्रित प्रभावी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारे वस्तुमान) आणि सुईच्या दांडीची लवचिकता यांतून जोडीची अनुनाद-वारंवारता (ज्या वारंवारतेला ती स्वतःच जोरात डोलू लागते ती) ठरते, आणि ती साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी. त्याहून खाली रेकॉर्डच्या बाकामुळे होणारी हालचाल असते, तर २० हर्ट्झच्या पुढे संगीत सुरू होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात तिरक्या राहिलेल्या रेकॉर्डना बाक येतोच, म्हणून खालची मर्यादा आपण अधिक काटेकोरपणे पाळायला हवी.

हिशेब घरी करता येतो: ग्रॅममधील एकूण वस्तुमानाला लवचिकतेच्या आकड्याने गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याने १५९ ला भागावे. ऑर्टोफोन २एम रेड या कार्ट्रिजचे वजन ७.२ ग्रॅम आणि लवचिकता २० आहे. ११ ग्रॅम प्रभावी वस्तुमानाच्या आर्मवर उत्तर सुमारे ८.३ हर्ट्झ येते, ३० ग्रॅमच्या भारदस्त लांब आर्मवर मात्र ६ च्याही खाली जाते. याउलट डेनॉन डीएल-१०३ ची दांडी ताठ असल्याने त्याला जड आर्म मानवतो. त्याच्या माहितीपत्रकातील ५ हा लवचिकतेचा आकडा १०० हर्ट्झवर मोजलेला आहे. या हिशेबाला लागणारा १० हर्ट्झवरचा आकडा ढोबळमानाने त्याच्या दुप्पट धरतात. हे लक्षात न आल्याने आर्म नको तितका जड निवडला जातो. शिवाय मूव्हिंग कॉइल पद्धतीच्या (सुईसोबत तारेचे वेटोळे हलणाऱ्या) या कार्ट्रिजमधून जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट निघतात, आणि जुन्या ॲम्प्लिफायरचा फोनो इनपुट (टर्नटेबल जोडण्याची जागा) बहुधा तेवढ्यासाठी बनवलेला नसतो.

ज्यांच्या घरी नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत, त्यांनी हेडशेल (कार्ट्रिज बसवायचे आर्मचे टोक) सुटे होणारा मध्यम वजनाचा आर्म आणि मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत चुंबक हलणारे) कार्ट्रिज घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्या तबकड्यांची खाच रुंद असते; तिला सुमारे ६५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, तर स्टिरिओ एलपीची गोल सुई साधारण १८ मायक्रॉनची असते. बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्याऐवजी खरखरच अधिक ऐकू येते. दोन हेडशेल तयार ठेवली की एकाच यंत्रावर दोन्ही प्रकार नीट वाजतात. प्रत्येक बदलानंतर सुईचा भार तेवढा पुन्हा मोजून घ्यावा.

पुढील लेखात आर्मचे वस्तुमान आणि कार्ट्रिजची लवचिकता दर्शवणारे कोष्टक आपण छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे