माझ्या नावावर द्या

ठाणे (पूर्व)

प्रिय सुलू,

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. यांची साखर ताब्यात आहे, माझा गुडघा जिना चढताना तेवढा बोलतो. फोनवर हे सांगायला घेतलं असतं तर तू दर वाक्याला 'मग तू काय म्हणालीस?' विचारून मला भलतीकडेच नेलं असतंस. म्हणून बसून लिहितेय. आणि खरं सांगू, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणारही नाही. घरात सांगितलं तर 'एका पुस्तकासाठी एवढं?' यापुढे गोष्ट जात नाही.

आपल्या वाचनालयातला काकांचा फळा माझ्याकडे आलाय हे तुला ठाऊकच आहे. 'या महिन्याची शिफारस' हे शब्द त्यांच्याच अक्षरातले, ऑइलपेंटचे. ते मी पुसू दिलेले नाहीत. त्याखाली खडूने एक पुस्तक, एक चित्रपट, एक कार्यक्रम. मंडळाचं म्हणणं होतं की गेल्या महिन्यात जी पुस्तकं जास्त गेली त्यांचीच यादी लावावी, संगणकातून आयती निघते. मी सरळ नाही म्हटलं. जे आपोआप जातंय त्याची शिफारस कशाला करायची? ज्याच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं शिक्का पडलेला नाही, पण जे वाचलं तर माणूस चार दिवस गप्प होईल, ते फळ्यावर यायला हवं. काका तेच करायचे. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे ते पाच नियम मांडले, त्यातला 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' तू कोर्सला असताना तलावपाळीवर बसून मला घोकून दाखवायचीस ना, तो मी काकांच्या फळ्यासमोर शिकले.

चित्रपट आणि पुस्तक जोडीनं लावायचं हे माझं. 'सिंहासन'पासून सुरुवात केली. 1979 चा चित्रपट, पण तो अरुण साधूंच्या एका नाही तर दोन कादंबऱ्यांवर बेतलेला, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', हे आपल्या वयाच्या लोकांनाही माहीत नव्हतं. दाराजवळ टेबल टाकून दोन्ही मांडली. खेळ संपल्यावर जाणाऱ्यांनी तिथेच नोंद करून पुस्तक न्यायचं. माणूस घरी पोचला, जेवला, झोपला की ओढ ओसरते, म्हणून टेबल दारातच हवं. 'मुंबई दिनांक' त्या रात्री गेलं ते अजून हातोहात फिरतंय. मला केवढा आनंद झाला होता!

ऑक्टोबरला व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' लावलं. हसू नकोस. हो, तेच. 1995 मध्ये अमोल पालेकरांचा चित्रपट आला तेव्हा 'आधी चित्रपट पाहू, मग पुस्तक' असं तू म्हणालीस, मी म्हटलं आधी पुस्तक, आणि आपण मामलेदारला मिसळ खाता खाता इतक्या भांडलो की तर्रीमुळे डोळ्यांत पाणी आलं की रागामुळे ते भाऊजींना शेवटपर्यंत कळलं नाही. मी अजून माझ्याच मतावर आहे. पण या वेळी जे घडलं ते तुझ्या बाजूचं घडलं, हे लिहायला हवं.

पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला. कलामांच्या जयंतीचा, 2015 पासून सगळीकडे करतात तो. शाळेची मुलं आली, रांगेत बसली, तासभर वाचली, फोटो निघाले, पुस्तकं गोळा करून परत कपाटात. मला हे फार लागतं, सुलू. ज्या मुलाचं नुकतं सतराव्या पानावर डोकं गुंतलंय त्याच्या हातून पुस्तक काढून घ्यायचं, आणि त्याला प्रेरणा म्हणायचं? असो. त्याच्या पुढच्या रविवारी वरच्या हॉलमध्ये चित्रपट होता, रीतसर परवानगी काढून. पडदा लावला, खिडक्यांना चादरी बांधल्या, खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या.

शेजारच्या इमारतीचा वॉचमन दारात उभा होता. पंचविशीचा असेल. दुसऱ्या वॉचमनला तासभर बसवून आला होता. आत ये म्हटलं तर बूट काढून चौकटीतच टेकला. तासाचे दोन तास झाले, हा हलेना. पडद्यावर मेंढरं दिसली तसा पुढे सरकला. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं जनावरं घेऊन निघतात, वाडी ओस पडते, तिथे हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली होती, कुणी चपला शोधत होतं. हा मात्र गुडघ्यांना मिठी मारून बसलेला. दिवे लागले तसा टेबलापाशी आला नि मला म्हणाला, "बाई, ह्ये समदं पुस्तकात पन हाय का?"

मी त्याच्या हातात प्रत दिली. काकांनी बांधून घेतलेली ती, हिरव्या कापडाची. त्यानं मुखपृष्ठ उघडलं, माडगूळकरांचं नाव बोटाखाली धरून वाचलं आणि म्हणाला, "माडगुळं तर आमच्याच तालुक्यात हाय. मी आटपाडीकडचा." त्याचे आजोबा मेंढरं घेऊन असेच निघायचे, बहात्तरच्या दुष्काळात परत आले तेव्हा निम्मा कळप नव्हता, हे सगळं त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. कादंबरी 1955 ची आहे म्हटलं तर त्याला पटेना. "इतकं जुनं? मंग त्यान्ला आमचं कसं ठावं?"

काका असते तर खुर्चीतून उठून उभे राहिले असते.

आता पुढचं ऐक. तो सभासद नाही. सभासद व्हायचं तर पाचशे अनामत, महिन्याची वर्गणी आणि पत्त्याचा पुरावा. अनामतीला त्याची तयारी होती, पगार झाला की देतो म्हणाला. पुराव्याचं काय? आधार कार्ड आटपाडीच्या पत्त्याचं. राहतो तो मीटरच्या खोलीशेजारी, तिथे वीजबिल त्याच्या नावाचं कुठून येणार? मी म्हटलं, थांब, माझ्या कार्डावर काढून देते, महिनाभर वाच. त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं. रागानं नाही, अगदी नीट, कडा जुळवून. आणि म्हणाला, "तुमच्या नावावर नगं बाई. माज्या नावावर द्या. मग नेतो."

तेव्हा मला तूच दिसलीस गं. पागडीच्या खोलीत राहणारी, नाना गेल्यावर अनामत भरता येत नव्हती म्हणून बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणारी. माझ्या आईनं 'आमच्या कार्डावर ने' म्हटल्यावर तू कशी ताडकन नाही म्हणालीस! आणि काकांनी तुझं कार्ड केलं, अनामतीच्या रकान्यात स्वतःच्या खिशातले पैसे भरले आणि ते तुला कॉलेज संपेपर्यंत कळू दिलं नाही. त्या कार्डावर तुझं नाव पाहून तू ते उशीखाली ठेवलं होतंस. आईला याचं फार हसू यायचं. मला तेव्हाही नाही आलं.

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. चांगली माणसं आहेत सगळी, फुकट राबतात, त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. खजिनदारांचं म्हणणं असं: साठा पडताळणीत पुस्तक कमी निघालं तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची तपासणी असते, अनुदान त्यावर. एजन्सी या मुलांना आज इथे, उद्या घोडबंदरला टाकते. पुस्तक गेलं तर आटपाडीला शोधायला कोण जाणार? कुणी म्हणालं, त्यानं इथे बसून वाचावं, वाचायला बसायला कुणाचीच मनाई नाही. अगं, त्याची ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ! आपण साडेचारला उघडतो आणि आठला कुलूप लावतो. तो गणवेश उतरवेपर्यंत आपला शिपाई किल्ली खिशात टाकून गेलेला असतो. सकाळची वेळही त्याच्या ड्यूटीतच. म्हणजे कायद्यानं दार उघडं आणि घड्याळानं बंद.

मी म्हटलं, 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली आपण अनुदान घेतो, ते कुणाच्या पैशातून येतं? तो रिचार्ज मारतो, साबण घेतो, त्यातला कर यात येतोच ना? त्यावर सगळे गप्प. मग एकांनी समजुतीनं सांगितलं, "ताई, आपण लहान संस्था. आपण काही 1893 सालचं ते मराठी ग्रंथसंग्रहालय नाही, एखादं पुस्तक गेलं तर सोसायला." मला त्यांना सांगावंसं वाटलं की तेही 1893 साली लहानच होतं. विनायकराव भाव्यांनी ठाण्यात ते काढलं तेव्हा कपाटं भरलेली थोडीच मिळाली होती त्यांना? पण चहा आला आणि विषय दिवाळी अंकांच्या योजनेवर गेला.

झोप येईना त्या रात्री. आणि मला तुझं चिपळूण आठवत राहिलं. 2021 च्या जुलैत वाशिष्ठी नदी तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात शिरली. 1864 पासूनचं ग्रंथालय, 2005 च्या पुरातून सावरलेलं, पुन्हा पाण्यात. तू गुडघाभर चिखलातून गेलीस, पानं सुटी करून दोरीवर वाळत घातलीस, आणि रडत रडत फोनवर म्हणालीस, 'मंदा, बाद झालेल्या पुस्तकांची, निर्लेखनाची यादी करतेय. एवढी पुस्तकं एका रात्रीत गेली आणि यातलं एकही कुणी नेऊन बुडवलेलं नाही.' तेच मला मंडळासमोर ठेवायचंय. आपण कपाटात जपलेली पुस्तकं पाण्यानं, वाळवीनं, ओलीनं जातात तेव्हा ठराव करून निर्लेखित करतो, कुणाची झोप उडत नाही. आणि एका वाचकाच्या हातून जाईल या भीतीनं मात्र नियम! हिरव्या कापडाच्या प्रतीवर शेवटचा शिक्का कधीचा होता माहितेय? काका गेले त्याच्याही आधीचा. इतकी वर्षं ती कुणी नेली नाही म्हणून सुरक्षित होती. अशा सुरक्षिततेचं काय करायचं?

फळ्यावर मी रोज जाता येता पाहते. खडूनं लिहिलंय, सगळ्यांनी वाचावं म्हणून. ज्याला ते खरोखर भिडलं त्याला मी देऊ शकत नाही. मग ती शिफारस कुणाला केली मी? नोव्हेंबरचं नाव अजून लिहिलेलं नाही. शिपाई विचारून गेला, म्हटलं राहू दे.

मुलगा रागावलेला नाही हं. येता जाता हात जोडतो. परवा विचारलं, "बाई, त्यो मास्तर शेवटी जातो ती वाट पुस्तकात कशी लिहिलीय?" मी म्हटलं, सांगणार नाही, तूच वाच. (तू असतीस तर सांगून मोकळी झाली असतीस, तुला शेवटचं पान आधी वाचायची खोड. किती पुस्तकांचा सत्यानाश केलास माझ्या!) तो हसला, गोष्टीतल्या मास्तरानं उभी केलेली तालीम आठवून म्हणाला, "आमच्या गावात पन तालीम हाय. पडकी हाय, पन हाय."

आता काम. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे आणि मला ठराव मांडायचाय. तोंडी बोलले की चहा येतो आणि विषय संपतो, म्हणून लेखी हवा. तू तीस-पस्तीस वर्षं हे नियम लिहिण्यात काढलीस, तेव्हा तूच मसुदा करून पाठव. माझ्या मनात असं आहे: पत्त्याचा पुरावा नसेल तर दोन सभासदांची सही चालावी. कामाच्या ठिकाणचं पत्र, मग ते सोसायटीच्या सेक्रेटरीचं का असेना, ग्राह्य धरावं. अनामत हप्त्यानं घेता यावी. आणि आठवड्यातून एक दिवस तरी वाचनालय रात्री साडेनऊपर्यंत उघडं राहावं. त्या दिवशी मी बसते, पगार नको. याला 'वॉचमन सभासद' वगैरे वेगळं नाव मात्र देऊ नकोस. त्याचं कार्ड सगळ्यांसारखंच हवं, त्याच रंगाचं. जामीन म्हणून एक सही माझी. दुसऱ्या सहीसाठी मी खजिनदारांनाच गाठणार आहे. ते वरून कडक आहेत, पण 'बनगरवाडी'च्या वेळी शेवटच्या रांगेत चष्मा पुसताना मी त्यांना पाहिलंय.

तुझं आजीव सभासदत्व अजून चालू आहे, मी रजिस्टरमध्ये बघून घेतलं. म्हणजे तुलाही सभेत मत आहे. मांडवी एक्सप्रेसनं दुपारी निघालीस तर रात्री ठाण्यात उतरशील. माझ्याकडे राहा, मामलेदारला जाऊ, आधी पुस्तक की आधी चित्रपट ते तिथे मिटवू.

पिंकीचं बाळंतपण जवळ आलं असेल, तिला सांग दगदग करू नको. घराच्या छपराचं काम झालं का? भाऊजींना नमस्कार. आणि हो, तू मागे पाठवलेलं कोकम संपलं.

मसुदा मात्र दहा तारखेच्या आत टाक. छापून सगळ्यांना वाटायला मला चार दिवस लागतील.

तुझी,
मंदा