वेताची खुर्ची, न विणलेली

पॅरिस,
रविवार, संध्याकाळ

प्रिय बंड्या,

पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच बस. कॉलेजात असताना एका पुस्तकातलं पिकासोचं चित्र बघून तू म्हणाला होतास, ‘पेला पडून फुटला, यात चित्रकाराचा काय पराक्रम?’ तेच ते, ‘वेताच्या खुर्चीसह वस्तुचित्र’, 1912 सालचं. आज इथल्या पिकासो संग्रहालयात त्याच्यासमोर अर्धा तास उभा होतो.

पहिली गंमत आकाराची. उंची 29 सेंटिमीटर, रुंदी 37. एवढ्याशा चित्राचा एवढा बोलबाला! लंबगोल आहे आणि चौकटीऐवजी भोवती जाड दोर गुंडाळलाय.

वरच्या बाजूला पेला, सुरी, लिंबाची चकती, पाइप. सगळं तुकड्यातुकड्यांत, शोधून काढावं लागतं. खाली मात्र वेताची विणलेली बैठक इतकी हुबेहूब, की बोट लावावंसं वाटतं. आणि अरे, तीच खोटी! वेताची जाळी छापलेलं मेणकापड आणून त्यानं सरळ चिकटवलंय. म्हणजे चित्रातली सगळ्यात ‘खरी’ वाटणारी वस्तू छापखान्यातली, आणि ज्यांना तू फुटकी म्हणालास त्या त्याच्या हातच्या. दोर तेवढा खराखुरा. मी हसत सुटलो, पहारेकरी बघायला लागला.

‘JOU’ ही तीन अक्षरंही रंगवलीत (देवनागरीत ‘झू’ म्हण). वर्तमानपत्राच्या फ्रेंच शब्दाची सुरुवात, आणि ‘खेळणं’ या क्रियापदाचीही. लबाड माणूस.

या चिकटवाचिकटवीच्या प्रकरणात मला खरा आवडतो तो ब्राक, पिकासोचा जोडीदार चित्रकार. घरं रंगवणाऱ्याचा मुलगा. रंगावर फणी फिरवून लाकडाच्या रेषा कशा उठवायच्या, हे तो त्या धंद्यातच शिकला होता. 1911 पर्यंत दोघांची चित्रं इतकी विस्कटली होती, की वस्तू हरवायचीच बाकी होती. मग 1912 च्या सप्टेंबरात ब्राकनं दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यॉं शहरातल्या दुकानातून ओक लाकडाच्या नक्षीचा भिंतीवरचा कागद आणला, कापला, आणि कोळशाच्या रेघांमध्ये चिकटवला. लाकूड परत आलं, पण तुझ्या टीपॉयवरच्या सागवानी सनमायकासारखं!

फोटो काढलाय, पण पाठवत नाही. त्यात दोर सपाट दिसतो, आणि तू परत तेच म्हणशील. आलो की हातवारे करून सांगेन.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या