हॉकी आमची, धंदा त्यांचा

विनिपेग,
नोव्हेंबर २०२५

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "हल्ली तुझ्या तोंडून आइस हॉकी ऐकू येत नाही, कंटाळलास काय?" कंटाळलो नाही रे, चिडलोय. फोनवर ते धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

खेळ बिघडलेला नाही, हे आधी सांगतो. आजची पोरं पूर्वीच्या खेळाडूंपेक्षा कितीतरी वेगानं बर्फावर धावतात. गेल्या मे महिन्यात प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, सेंट लुईसविरुद्ध सातवी, निर्णायक मॅच होती. आमचे जेट्स, म्हणजे विनिपेगची टीम, एका गोलनं मागे होते आणि दोन सेकंदसुद्धा उरले नव्हते, तेवढ्यात पर्फेटीनं गोल करून बरोबरी साधली. पुढं दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) कॅप्टन लाऊरीनं मॅच जिंकून दिली. अख्खं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत उभं होतं. इथं प्लेऑफला सगळे पांढरे कपडे घालूनच जातात, १९८७ पासूनची रीत आहे. असा खेळ जिवंत असताना मला राग येतो तो खेळ चालवणाऱ्यांचा, म्हणजे एनएचएलचा, कॅनडा-अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा.

मी इथं नवीन होतो तेव्हा फिनलंडहून तेमू सेलाने जेट्समध्ये खेळायला आला होता. १९९२-९३ च्या पहिल्याच सीझनमध्ये त्यानं ७६ गोल केले. नवख्या खेळाडूचा तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. उणे तीस तापमानात, अनोळखी गावात, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायला मला विषय मिळाला तो त्याच्यामुळं. आणि मग ती टीमच गेली. कॅनडाचा डॉलर पडलेला, खेळाडूंचे पगार मात्र अमेरिकन डॉलरात, स्टेडियम जुनं. १९९५ मध्ये टीम वाचवायला गावानं वर्गणी काढली, लहान पोरांनी आपले गल्ले आणून दिले. काही उपयोग झाला नाही. २८ एप्रिल १९९६ ला डेट्रॉईटविरुद्ध शेवटची मॅच झाली आणि जेट्स अमेरिकेतल्या फिनिक्सला रवाना झाले. वाळवंटात!

तुला हे कसं सांगू? उद्या कुणी शेठ आपल्या कोल्हापूरच्या पाटाकडील तालमीची फुटबॉल टीम विकत घेऊन सुरतेला घेऊन गेला आणि वर म्हणाला, 'तिथं मार्केट मोठं आहे,' तर शाहू स्टेडियमवर काय होईल, तूच विचार कर.

आमचं एकट्याचं असतं तरी गिळलं असतं. १९९३ ला मिनेसोटाची टीम डॅलसला गेली, १९९५ ला क्वेबेकची डेन्व्हरला, १९९७ ला हार्टफर्डची कॅरोलायनाला. क्वेबेकच्या लोकांना तर पुढच्याच वर्षी आपली टीम दुसऱ्याच नावानं स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा कप, उचलताना बघावी लागली. त्यांनी नंतर नवं मोठं स्टेडियम बांधलं, २०१५ ला ते उघडलं, पण टीम आजतागायत मिळालेली नाही.

आणि फिनिक्सचं काय झालं बघ. २००९ मध्ये टीम दिवाळखोरीत गेली. ब्लॅकबेरी फोनवाला जिम बाल्सिली ती घेऊन हॅमिल्टनला, कॅनडात आणायला तयार होता, तर लीग कोर्टात जाऊन त्याच्याशी भांडली. मग स्वतःच टीम विकत घेऊन चालवत बसली. शेवटी तर पाच हजारही खुर्च्या नसलेल्या, युनिव्हर्सिटीच्या रिंकवर मॅचेस होत होत्या. २०२४ ला सगळे खेळाडू सॉल्ट लेक सिटीला हलवले. आमच्याकडून नेल्याला तोवर अठ्ठावीस वर्षं झाली होती. जी चिकाटी तिथं दाखवली, तिचा थोडा तरी अंश १९९६ ला आमच्यासाठी का नाही दाखवला? बेटमन साहेब १९९३ पासून लीगचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, आहेत, म्हणजे दोन्ही वेळेला खुर्चीवर तेच होते.

मालक आणि खेळाडूंच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा सीझन बुडाला, तेही लोक विसरले नाहीत. १९१९ च्या फ्लूच्या साथीनंतर कप कुणालाच मिळाला नाही, असं ते पहिलंच वर्ष.

गुणांचा हिशेबही बिघडवून ठेवलाय. जिंकलं की दोन गुण, पण ओव्हरटाइममध्ये हरलं तरी एक. म्हणजे एखाद्या मॅचमधून दोन गुण निघतात, एखादीतून तीन. बरोबरी असली की शेवटची आठ-दहा मिनिटं दोन्ही टीम जपून खेळतात, कारण एक गुण पदरात पडलेलाच असतो. मग तीन-तीन जणांचा ओव्हरटाइम, तरी निकाल नाही लागला तर शूटआउट. प्लेऑफमध्ये यातलं काही नसतं. गोल होईपर्यंत पाच-पाच जण खेळत राहतात, आणि म्हणूनच ती लाऊरीची मॅच तशी झाली. आणि टीव्हीवर बघावं तर कडेच्या फळ्यांवरच्या जाहिराती मॅच चालू असताना बदलतात, हलतात. पक, म्हणजे ती रबराची चकती, शोधताना डोळे दुखतात रे.

२०११ ला अटलांटाची टीम इथं आली आणि जेट्स परत मिळाले. सगळ्यांसाठी विक्री खुली झाली तेव्हा काही मिनिटांत सीझन तिकिटं (अख्ख्या सीझनची तिकिटं) संपून तेरा हजारांचा आकडा पुरा झाला. गेल्या काही वर्षांत तो साडेनऊ हजारांच्या आसपास आला, आणि लगेच चर्चा सुरू, हे गाव टीमला पुरेल का? तिकडं अटलांटाला पुन्हा टीम द्यायची कुजबुज चालू आहे. त्या गावातून दोनदा टीम गेलीय, १९८० ला आणि २०११ ला! त्याला तिसरी संधी मिळू शकते आणि आम्ही मात्र दरवर्षी आमची निष्ठा सिद्ध करायची. ही भीती घालून तिकिटं खपवणं मला सहन होत नाही. गल्ला फोडणारी ती पोरं आता चाळिशीला टेकलीत, त्यांना काय सांगायचं?

यंदा मी सीझन तिकीट घेतलेलं नाही. युनिव्हर्सिटीच्या मॅचेसना जातो. मॅनिटोबा बायसन्सच्या मुली फार सुंदर खेळतात, आणि तिथं मॅच बघायला येणारे मॅचच बघतात. जेट्सचा स्कोअर मात्र रोज रात्री बघतो, ते काही सुटत नाही.

तुमच्याकडं फुटबॉल सीझन कधी सुरू होतोय? पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की व्हिडिओ पाठव, सगळा पाठव, नुसते गोल नकोत. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांनाही आठवण सांग.

तुझाच,
सुधीर