धाप थांबली तरी दमा असतोच

सांगली,
८ डिसेंबर

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. सुमीला दमा असल्याचे कळल्यापासून वहिनींच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही आणि ‘पंपाची सवय लागेल’ या धास्तीने तुम्ही तिचे रोजचे औषध आठ दिवसांतच बंद केलेत, हे वाचून राहवले नाही. हीच चूक मी स्वतः तीन वर्षे करीत होतो.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. अशा हळव्या नळीला धूळ, धूर किंवा थंड वारा लागला, की तिच्या भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि छातीत घरघर सुरू होते. धाप थांबली की आजार गेला असे आपण समजतो. सूज मात्र तशीच राहते. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सूज उतरवत नाही. ते काम स्टिरॉइडच्या पंपाचे, म्हणूनच सुमी हसत-खेळत असतानाही तो डॉक्टरांनी सांगितले आहे तोपर्यंत रोज द्यायचा. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते. त्याची सवय लागत नाही, दत्तू. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध ओढायची पोकळ नळी, लावून दे आणि नंतर तिला चूळ भरायला लाव, म्हणजे तोंड येणार नाही.

आता दमा कशाने उसळतो ते. प्रत्येकाचे कारण वेगळे असते. मी हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहीत असे, तेव्हा पोती झटकली जात त्या दिवशी हमखास रात्री दोन-तीनच्या सुमारास उठून बसावे लागे. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले, आणि ते ओसरल्यावर ओल्या भिंतींवर जी बुरशी धरली तिने मला हळदीच्या धुळीहूनही अधिक छळले. हे सारे ध्यानात आले ते वहीमुळे : त्रास कधी झाला, त्याआधी मी कुठे होतो, एवढेच मी रोज लिहीत गेलो.

तुम्ही सुमीचे दही आणि केळी बंद केलीत, पण तिच्या उशाशी रात्रभर डासांची अगरबत्ती जळते, हे तूच लिहिले आहेस. अन्नाने दमा उसळणारी मुले थोडी असतात; धुराने, जुन्या गादीतल्या धूळकिड्यांनी आणि सगळ्यांत जास्त साध्या सर्दी-पडशाने उसळणारी पुष्कळ. ती अगरबत्ती आजच बंद कर, मच्छरदाणी लाव, चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. ऊसतोडीनंतर कऱ्हाडच्या शिवारात पाचट पेटवतात, त्या संध्याकाळी तिला बाहेर खेळायला पाठवू नकोस. एरवी मात्र तिचे खेळणे मुळीच थांबवू नकोस.

तिला एका दमात वाक्य पुरे करता येईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले किंवा पंपाने उतार पडेना, तर सकाळची वाट न पाहता स्पेसरने साल्ब्युटामॉल देत देत रुग्णालय गाठ.

डॉक्टरांना उद्याच फोन करून औषध पुन्हा सुरू कर. रविवारी मी कऱ्हाडला येतो आहे. सुमी पंप कसा ओढते ते मला स्वतः पाहायचे आहे.

तुझा,
सदा