टोळ्या निघण्याआधी विद्यार्थी पाठवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पाटोदा तालुक्यातल्या (जि. बीड) एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांना समाजात जाऊन काम करणं अभ्यासक्रमातच आलंय. २ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे ६० तास. ही मुलं येतात ती बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर आमच्याकडे. त्यांनी यावंच, पण ती येतात तेव्हा गाव गावात नसतं.

हा उपक्रम बहुतेक कॉलेजांत चौथ्या सत्रात असतो, डिसेंबर ते एप्रिल. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहातली शाळकरी पोरं. अंगणवाडीच्या वयाची लेकरं बहुतेक आईबरोबर उसाच्या फडावर. सर्वेक्षणाचे छापील फॉर्म घेऊन मुलं दारोदार फिरतात आणि कुलूप असलेल्या घराची माहिती शेजारच्या आजीला विचारून लिहितात. अशा माहितीवर कुणी काय ठरवायचं?

मागे एका कॉलेजची जीप आली. मदतनीस ताईंनी सकाळीच झाडलेलं अंगण मुलांनी पुन्हा झाडलं, बॅनर धरून फोटो काढले आणि जेवणाआधी निघाले. जाताना पूर्ण ६० तासांच्या कागदावर सही मागितली. जेवढे तास ती मुलं इथं होती तेवढेच मी लिहून दिले. मुलांवर माझा राग नाही, त्यांना काय काम करायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. बी.एस्सी.ची एक मुलगी पावसाळ्यात दर आठवड्याला यायची. दोन वर्षांखालच्या बाळाची उंची झोपवून मोजावी लागते. एकीनं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे सरळ करून पाय दाबायचे, आणि बाळ रडून आकांत करतं. तिसरा हात नसला तर आकडा चुकतोच. ती मुलगी हे शिकली. कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, ना सैल ना आवळून लावायलाही शिकली. पट्टीवर ११.५ सेंमीच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, तिथून १२.५ पर्यंत पिवळं म्हणजे मध्यम, पुढं हिरवं म्हणजे ठीक. एक पोरगा ऑगस्टात पिवळ्यात होता. अंगणवाडीचा आहार तर घरी जात होता, मग का? ती त्याच्या घरी जाऊन बसली तेव्हा कळलं, आई दिवसभर खुरपणीला आणि भरवायला सात वर्षांची बहीण. मग आजीशी बोलून दुपारचं भरवणं आजीकडंच दिलं. टोळी निघाली तेव्हा पोरगा हिरव्यात होता आणि आईजवळच्या माता-बाल कार्डावर प्रत्येक महिन्याचं वजन लिहिलेलं होतं. हे एकदा येऊन होत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, तिचं ७ दिवसांचं शिबिर गावाला आवडतं, पण लेकराचं वजन महिन्या-महिन्यानं बघावं लागतं.

म्हणून माझं मागणं आहे की ऊसतोडीच्या तालुक्यांत हा उपक्रम तिसऱ्या सत्रात, जुलै ते ऑक्टोबर, घ्यावा. त्या सत्रातला क्षेत्रीय प्रकल्प चौथ्यात न्यावा, अदलाबदलच करायची आहे. ६० तास दर आठवड्याला थोडे थोडे, एकाच वस्तीवर व्हावेत. जूनमध्ये कॉलेजनं सेविका, आशाताई आणि मुख्याध्यापकांना कामं विचारून घ्यावीत. गुण देताना आमचंही मत घ्यावं. मूल्यमापन नुसत्या फायलीवर होत असेल तर मुलं फाइलच सजवणार, त्यात त्यांचा काय दोष?

पश्चिम महाराष्ट्रातल्या, कारखान्यांच्या तालुक्यांतल्या कॉलेजांना मात्र चौथं सत्रच सोयीचं. तेव्हा आमची लेकरं त्यांच्याच शिवारात कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांत, असतात. तिथल्या मुलांनी कोप्यांवर जाऊन आयांकडची कार्डं बघावीत, लेकरांची नावं जवळच्या अंगणवाडीत घालून द्यावीत आणि वजन चालू ठेवावं. कार्डावर गावाचं आणि अंगणवाडीचं नाव असतं. काही अडलं तर आम्हा सेविकांना फोन करावा, आम्ही लेकरांना नावानिशी ओळखतो.

– एक अंगणवाडी सेविका, ता. पाटोदा, जि. बीड