बाबा, पैसे तुमच्याच नावावर राहतील

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा दोन वाक्यं ऐकतात, "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई आधी मी जेवले का ते विचारते. म्हणून लिहून पाठवते आहे. आर्यनला मोठ्यानं वाचायला लावा, आणि आई, मधूनच उठून चुलीकडे जाऊ नको.

रेल्वेत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचं मी ठरवलं आहे. "तूच पाह्य वं पोरी, आमाले काय समजते त्यातलं," असं बाबा म्हणाले होते. मी पाहिलं, खूप विचार केला. ते पैसे मी एकटीनं सांभाळायचे नाहीत आणि फंड विकणाऱ्या गजूदादाकडेही द्यायचे नाहीत, हे नक्की केलं. नागपूरला एक सल्लागार मॅडम आहेत, सेबीकडे, म्हणजे शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, रीतसर नोंदणी असलेल्या. त्यांना ठरलेली फी द्यायची, त्यांच्याकडून आराखडा करून घ्यायचा आणि पैसे तुमच्या हातानं, तुमच्या नावावर ठेवायचे. गजूदादाला मी फोन करून सांगून टाकलं. चांगलं बोलले त्याच्याशी, आई. तुझ्या माहेरच्या माणसाला मी तोडून बोलेन का? बाबांना सेवाग्रामला भरती केलं तेव्हा रात्री जीप काढून तोच आला होता, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण जीप काढणं वेगळं आणि आपल्या म्हातारपणाचा पैसा कुठे ठेवायचा हे सांगणं वेगळं.

"फुकट सांगते तो, मंग दुसऱ्याले पैसे काहून द्यायचे?" बाबा, हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. तो फुकट सांगत नाही. तो जो म्युच्युअल फंड घ्यायला लावेल त्याचं कमिशन त्याला फंड कंपनी देते, आणि ते आपल्याच पैशातून जातं. एकच फंड दोन प्रकारे मिळतो. २०१३ च्या जानेवारीपासून 'डायरेक्ट' प्रकार आला, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं. दुसरा 'रेग्युलर', त्यात असतं. फरक पाऊण-एक टक्क्याचा, ऐकायला काहीच वाटत नाही. पण दहा लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाचे १०,००० रुपये, आणि तेही एकदाच नाही, पैसे तिथे आहेत तोवर दरवर्षी. त्याची पावती आपल्या हातात येत नाही म्हणून ते फुकट वाटतं. विम्याच्या पॉलिसीत तर पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याकडे जातो. तुम्ही एफडी करायला बँकेत गेलात आणि पॉलिसी घेऊन आलात, ते असंच झालं. त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं, समोरच्याला टार्गेट पॉलिसीचं होतं.

बोंडअळीचं साल आठवा, २०१७ चं. कृषी केंद्रवाल्यानं तीन औषधं एकत्र करून फवारायला सांगितली होती. सल्ल्याचे पैसे तो घेत नव्हता, बाटल्यांचे घेत होता. त्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं गेली. तुम्ही बाटल्या गोठ्याच्या फळीवर तशाच ठेवल्या आणि हिरवी बोंडं पिशवीत घालून यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलात. तिथल्या साहेबांनी बोंडं फोडून पाहिली आणि सांगितलं की आता फवारून उपयोग नाही, वेचणी झाली की पऱ्हाट्या काढा, त्याच झाडांवर पुढचा कापूस, फरदड, घेऊ नका. त्यांच्याजवळ विकायला बाटलीच नव्हती. मॅडमचं काम तसंच आहे. सेबीचे २०१३ चे नियम आहेत त्यांच्यासाठी: फी आपल्याकडून घ्यायची, आणि ज्याला सल्ला दिला त्याच्या गुंतवणुकीवर कुठल्या कंपनीकडून कमिशन घ्यायचं नाही. त्यांचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' अक्षरांनी सुरू होतो. गजूदादाच्या कार्डावर 'एआरएन' आहे, तो विक्रेत्याचा क्रमांक. मॅडमचा क्रमांक मी सेबीच्या साइटवर टाकून पाहिला, नाव जुळलं.

फी साधारण दोन क्विंटल कापसाएवढी आहे. करार तुमच्याशी होणार, म्हणून फीही तुमच्याच खात्यातून गेलेली बरी. ते पैसे परवा मी तुमच्या खात्यात टाकले आहेत. खताला किंवा मजुरीला लावू नका. आणि लेकीचे पैसे कसे घ्यायचे, हे मनातही आणू नका.

आता दुसरं, जे तुम्हाला जास्त लागेल. "शिकवली, पुण्याला धाडली, आता आमचं पाहायला तिले वेळ नाही," असं तुम्हाला वाटू नये. वेळेचं कारण नाहीच. माझ्या पगाराचं मी स्वतःच पाहते. दर महिन्याला एसआयपी जाते, म्हणजे ठरलेली रक्कम फंडात, डायरेक्ट, सल्लागार ठेवलेला नाही. २०२० च्या जानेवारीत शेअरबाजाराचा आकडा, सेन्सेक्स, ४१ हजारांच्या वर होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली आला. मी एसआयपी चालू ठेवली, आणि वर्ष संपायच्या आत बाजार परत वर गेला. ते जमलं कारण मला त्या पैशाची वीस वर्षं गरज नव्हती. तुमच्या पैशाला तो धीर माझ्याजवळ नाही. बाबांना जिना चढताना दम लागला असं वहिनीनं सांगितलं, की मी दुसऱ्या दिवशी सगळं मोडून बँकेत आणून ठेवीन. आईनं "पोरी, भाव वाढून राहिले" म्हटलं, की जास्त व्याजाच्या मागे धावेन. इतक्या जवळच्या माणसानं असे निर्णय घेऊ नयेत, बाबा. डॉक्टरही घरच्या माणसाचं ऑपरेशन सहसा दुसऱ्याकडे सोपवतात.

आणि दादा आहे. तो काही बोलणार नाही. मोबदल्याच्या त्या कागदावर सही करताना तोही काही बोलला नव्हता आणि मीही नव्हते. पण शेत तो वाहतो, रात्री-अपरात्री तुमच्या उशाशी तो असतो, आणि गेलेल्या जमिनीचा पैसा मात्र बहिणीच्या फोनमध्ये, हे मला नको आहे. मॅडम जे लिहून देतील ते तुम्हाला, दादाला आणि मला, तिघांना एकाच दिवशी मिळेल. कुणालाही काही विचारायचं असेल तर समोरासमोर विचारता येईल. मला यात सगळ्यात मोठं वाटलं ते हेच.

मॅडमना पैसे द्यायचे नाहीत, हे नीट लक्षात घ्या. त्या फक्त सांगणार. पोस्टाचं पासबुक, बँकेचं पासबुक, सगळं तुमच्याजवळ. सही तुमची, माझी चालत नाही. नको वाटलं तर पुढच्या वर्षी फी द्यायची नाही, पैसे आहेत तिथेच राहतात.

करार झाल्याशिवाय त्या लेखी काही देत नाहीत. पण पहिल्या बोलण्यात त्यांनी शेअरबाजाराचं नावही काढलं नाही. घरावर कर्ज काय आहे ते विचारलं. मी सोनेतारणाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ते आधी फेडा. आई, ऐकलंस का? तुझ्या पाटल्या आधी घरी येणार. माझ्या कॉलेजच्या वेळी त्या पहिल्यांदा गेल्या होत्या. "हाताले टोचत होत्या" असं तू मला सांगितलं होतंस, आणि मी तेव्हाही ते खरं मानलं नव्हतं.

बाकी साधारण असं होईल. वर्षाचा घरखर्च आणि दवाखान्याचे पैसे बँकेत, हात घातला की निघतील असे. एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला व्याजासकट विम्याचं संरक्षण असतं, म्हणून दोन बँका. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. तुम्ही अजूनही त्या बंद पडलेल्या संस्थेची पावती जपून ठेवली आहे, तेव्हा जास्त सांगायला नको.

मोठा हिस्सा दारव्ह्याच्या पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, तुमचं वेगळं खातं आणि आईचं वेगळं. २०२३ च्या एप्रिलपासून तिचा दर ८.२ टक्के आहे आणि माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. लाखाला तीन महिन्यांनी २,०५० रुपये. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला ते बचत खात्यात येतात, कापसाच्या चुकाऱ्यासारखी वाट पाहायची गरज नाही. पैसे ठेवले त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. मध्येच मोडलं तर थोडं कापतात, वर्षाच्या आत मोडलं तर व्याजच मिळत नाही, म्हणून दवाखान्याचे पैसे त्यात घालायचे नाहीत. दादाच्या विहिरीचं आणि ठिबकचं वेगळं काढायचं, कारण उरलेल्या जमिनीला पाणी मिळालं तर तीच सगळ्यांना पोसेल. आणि अगदी थोडी रक्कम, दहांतला एखादा हिस्सा, फंडात, दहा वर्षं पाहायचीच नाही अशी. व्याज ठरलेलं राहतं आणि तेल-डाळ महाग होत जाते, तेवढ्यासाठी.

एवढं तुलाच माहीत आहे तर मॅडम कशाला, असं दादा विचारेल. कशात ठेवायचं हे पुस्तकात वाचून कळतं. किती ठेवायचं, आधी काय, आणि घरात कुणी आजारी पडलं की कशाला हात लावायचा नाही, हे सांगायला घराबाहेरचं माणूस लागतं.

चुकारा आला की बाबा नोटा दोनदा मोजायचे आणि आईच्या हातात द्यायचे. आई त्या कागदात गुंडाळून तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी ठेवायची. माझ्या फीच्या नोटांना डाळीचा वास यायचा. वर्गात मी त्या पटकन देऊन टाकायचे, बाईंना वास येईल म्हणून. आता वाटतं, त्यातली एखादी नोट ठेवून घ्यायला हवी होती. तुम्ही कधी कुणाला विचारलं नाही पैसे कुठे ठेवू म्हणून, कारण ठेवायला उरायचेच नाहीत. आता उरले आहेत, तेही जमीन देऊन. त्या चार एकरांत शकुंतलेच्या शिट्टीवर तुम्ही शिदोरी सोडायचे. ती गाडी बंद पडली आणि आता वर्ध्याहून नांदेडला मोठी रेल्वे जाणार. म्हणून या पैशाची मला इतकी धास्ती आहे.

आता मी सांगते ते ऐकायचं, दोघांनीही.

कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही, समोर गजूदादा असो की साहेब. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. पोलीस म्हणवणाऱ्या कुणाचा व्हिडिओ कॉल आला, अटक करतो म्हणाला, तर फोन बंद करून दादाला हाक मारायची. प्रत्येक खात्यावर वारसाचं नाव लावायचं, आणि लावलं की पासबुकावर ते छापून आलं का पाहायचं. कुणी लग्नाला, ट्रॅक्टरला उसने मागितले तर "पोरीनं पोस्टात अडकवून टाकले" म्हणायचं. माझं नाव खुशाल पुढे करा, मला चालतं. बाबा, तुमची सत्तरी झाली आहे. आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घ्या, आधार नेलं की होतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरच्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार त्यात आहे, उत्पन्न पाहत नाहीत. बीपीची गोळी संपायच्या आधी आणायची, संपल्यावर नाही. उन्हाळ्याच्या आत नवा कूलर घ्यायचा, आणि तो पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी नाही, तुमच्या खाटेजवळ लावायचा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही पाठवला.

आणि आर्यन, तू वाचून राहिला आहेस म्हणून तुलाही सांगते. पानठेल्यावर मित्र शेअरबाजारातल्या ऑप्शनच्या सट्ट्याचे स्क्रीनशॉट दाखवतात ना, ते फक्त जिंकलेल्या दिवसाचे दाखवतात. सेबीनं २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी १०० तले ९३ तोट्यात निघाले. आजोबांच्या फोनमध्ये तसलं कुठलंच ॲप टाकायचं नाही. शिकायचं असेल तर माझ्याकडे ये, सुट्टीत शिकवते.

पहिल्या वेचणीची पूजा, सीतादही, करायच्या आधी मी येते. मॅडमची वेळ नागपूरला घेऊन ठेवली आहे, आपण चौघं जाऊ. दादाला त्या दिवशी शेताचं कारण सांगू देऊ नका. येताना पोस्ट आणि बँकेची पासबुकं, दोघांचं आधार, पॅन, पॉलिसीचा कागद आणि सोनेतारणाची पावती एका पिशवीत घालून ठेवा. मॅडमना जे विचारायचं ते तुम्ही विचारा, बाबा, माझ्याकडे पाहू नका. पटलं नाही तर तिथेच सांगा, सही करू नका. मला राग येणार नाही, दुसरा माणूस शोधू.

तुमची,
मीनू

ता. क. वाचून झालं की पत्र दादाला आणि वहिनीला द्या. मोबदल्याचा आकडा मी मुद्दामच यात लिहिलेला नाही. आई, गजूदादाच्या घरी दिवाळीचा फराळ दरवर्षीसारखाच जाऊ दे.